बर्था धुराड्यावरून उतरत नाही

नौदलाला पाण्यावर उतरणारं, शत्रूची जहाजं हेरणारं आणि बिनतारी यंत्रानं खबर देणारं विमान हवं होतं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शेपी बेटावर ते तयार होत होतं. पहिलं उडालंच नाही. दुसऱ्यानं उतरताना पाण्यात नाक खुपसलं. तिसऱ्याच्या खालच्या, तरंगायला लावलेल्या होड्या मोठ्या केल्या, तर त्याला बिनतारी यंत्राचं वजन पेलेना. मग यंत्र काढून तिथे माझ्या सासऱ्यांची चिठ्ठी घेऊन घरी परतणारी कबुतरी, बर्था, टोपलीत बसवली.

माझा नवरा एडविन टेहळणीला वैमानिकाच्या मागे बसतो. त्या सोमवारी बाराला परतायचा तो दोन वाजले तरी आला नव्हता.

कबूतर सुटायच्या दिवशी अंगणात धुणं नाही, हा आमच्या गल्लीचा नियम. पण सोमवारी धुणं घातलं नाही, तर शेजारच्या मिसेस पिम आठवडाभर बोलतात. मी आमच्या तान्ह्या विनीचे एकवीस लंगोट वाळत घातले होते.

"बर्था आली," सासरे म्हणाले. ती धुराड्यावर बसली. तिथेच राहिली.

नौदलाचा लेफ्टनंट कॅरू धापा टाकत आला. "खाली का येत नाही?"

"लंगोट फडफडतात, त्यांना भितेय," सासरे म्हणाले. " खुराड्यात शिरल्याशिवाय पायातली चिठ्ठी मिळायची नाही."

"शत्रूवर पाठवायचं पाखरू लंगोटाला भितं?"

"साहेब, शत्रू अजून तिच्या अंगणात आलेला नाही."

मी दोरीकडे धावले. लेफ्टनंटनं हात पुढे केले. ओले लंगोट खांद्यापर्यंत चढले. बर्था ढिम्म. कुंपणापलीकडे मिसेस पिमच्या चादरी फडफडत होत्या.

"नौदलाच्या वतीनं विनंती करतो, बाई..."

"नौदलाला म्हणावं, मंगळवारी या."

"मिसेस पिम," मी म्हणाले, "एडविन समुद्रात आहे."

त्यांनी चादरी ओढून काढल्या. चिमटे गवतात उडाले. बर्था उतरली.

चिठ्ठीत होतं: 'इंजिन बंद. दीपनौकेच्या पूर्वेला दोन मैल. विमान तरंगतं उत्तम. ओहोटी आम्हाला परदेशी नेतेय.'

पाचला बोटीनं त्यांना ओढून आणलं. एडविन चिंब होता. मी विनीला त्याच्या हातात दिलं. कोरडा लंगोट घरात एकही नव्हता.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "समुद्रात मी इतका भिजलो नव्हतो गं."

पण विनीला काही त्यानं खाली ठेवलं नाही.