खाणीच्या भुकटीनं घासलेला गुंड

मित्रांनो, तुमच्यासमोर हा चमकतोय तो मी, मनकर्णाच्या माहेरून आलेला पाण्याचा जुना पितळी गुंड. कासारानं ठोकून ठोकून मला घडवलं, तेव्हापासून मला माझ्या रूपाचा भारी गर्व. आज त्याच रूपाची किळस येते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावामागची खाण शहाण्णव साली बंद पडली. मालक यंत्रं घेऊन गेले आणि धातू काढून उरलेल्या करड्या भुकटीचा ढीग तेवढा आम्हाला ठेवून गेले. उन्हाळ्यात ती पिठासारखी उडायची. मनकर्णानं एकदा राखेऐवजी त्या भुकटीनं मला घासलं आणि मी सोन्यासारखा लखलखलो. हातपंपावर बायका बघतच राहिल्या. मग काय, घरोघरी टोपल्या गेल्या.

शेजारची म्हातारी केसरबाई तेवढी कुरकुरली, "जिथी गवताची काडी उगवत नाई, ते घरात काऊन आणून राह्यली?"

"तुमचा गुंड काळा पडला, म्हणून बोलता, बाई!" मनकर्णा हसली. मीही मनात हसलो. मला तरी कुठे अक्कल होती!

मनकर्णाची तीन वर्षांची लेक आचल आईजवळ बसून भांडी घासायची आणि घासता घासता बोटं चाटायची. पुढे तिचं पोट दुखू लागलं, चालताना ती पडू लागली, मग झटके आले. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "रक्तात शिसं आहे. घरात कुठून येतं ते शोधा."

तिचा बाप दादाजी तलावावर मासे धरणारा. त्याला ठाऊक असलेलं शिसं एकच, जाळ्याच्या काठाला ओवलेल्या गोळ्यांचं. "माह्याच जाळ्यानं पोरीले खाल्लं," म्हणत त्यानं स्वतःच्या पोटावर पाय देऊन जाळं तलावात बुडवलं. आजारी लेकीला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून मनकर्णा मला दिवसातून दोनदा घासू लागली. मी आतल्या आत तडफडत होतो.

वैशाखात आचल गेली.

आज सुतक फिटतंय. घर सारवायचं, सगळी भांडी घासायची. मनकर्णाच्या हातात बळ नाही, म्हणून शेजारणी मायेनं धावून आल्यात, दोन टोपल्या भुकटी घेऊन. मला केसरबाईनं घेतलंय. दोष जाळ्याचा होता, हे आता तिलाही पटलंय.

आचलची धाकटी बहीण दामिनी नुकती रांगायला लागली आहे. ती अंगणातल्या करड्या पाण्यात हात थापटतेय.

मित्रांनो, मला काळा पडू द्या, ठेचा, भंगारात घाला. पण आधी त्या पोरीला कुणीतरी उचला. तिनं बोटं तोंडात घातली आहेत.