आबांचं मेडिकल

"आबा, गुडघा दुखतो का?"

"नाय."

झालं. पुन्हा तेच. मी कपाळाला हात लावला.

आमच्या पडवीत परीक्षा चालली होती. नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट ड्रेसवर चढवून मी डॉक्टर झाले होते आणि समोर स्टुलावर माझे सासरे, कुशाबा, पेशंट. पेशंट कसला, छाती पुढे, मान ताठ, दोन्ही मुठी मांड्यांवर. फौज सोडून इतकी वर्षं झाली, तरी कुणी समोर खुर्ची टाकून बसलं की हा माणूस असाच बसतो.

"आबा, दुखतो म्हणायचं आहे. खरंच दुखतो ना?"

"दुखतो की."

"मग म्हणा ना तसं."

"तू इचार परत."

विचारलं. तर म्हणे, "नाय." मग स्वतःच ओशाळून हसले. "त्वांडातनं आपोआप निघतंय गो. काय करू."

माझं माहेर नाते गावचं. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या या वाडीत आले, आता इथे आशाताई म्हणून काम करते. त्यामुळे वाडीत मला अर्धी डॉक्टरच समजतात. नवरा, मंगेश, मुंबईला. तेव्हा आबांच्या मेडिकलची सगळी जबाबदारी माझ्या डोक्यावर आली, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला होता. पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलातून फोन आला त्या दिवशी मी अख्ख्या वाडीभर सांगत सुटले होते.

गोष्ट साधी होती. काश्मीरकडच्या एका चौकीवरून सामान उतरवताना आबा बर्फात घसरले आणि उजवा गुडघा गेला. पुढची नोकरी त्यांनी स्टोअरमध्ये बसून काढली. सुटताना मेडिकल झालं तेव्हा साहेबांनी विचारलं, कसं काय, कुशाबा? आणि या माणसानं टाच आपटून सांगितलं, "ठीक है साब." साहेबांनी लिहिलं, ठीक. संपलं. पेन्शन मिळाली, पण पाय नोकरीत गेला याची नोंद कुठेच नाही. वाडीतले लोक म्हणायचे, कुशाबा नशीबवान, धडधाकट परत आला. आबा ते ऐकून घ्यायचे आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

मंगेशनं एका वकिलाला धरून अर्ज केला. वरून उत्तरं आली, गेली. शेवटी हा फोन आला की नवं मेडिकल बोर्ड बसेल, या. वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे शेवटचं. यात सगळं ठीक निघालं तर फाईल बंद. पैसे मिळाले तर कुणाला नको होते? पण आबांना ती नोंद हवी होती. एकदा जेवताना ते मला म्हणाले होते, "पोरी, माजा पाय सरकारनं घेतला, ह्ये सरकारनं एकदा म्हनावं. बास." असं म्हणणारा माणूस, आणि दुखतंय हा एक शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हता.

मी हट्टाला पेटले. सकाळी चहाला विचारायची, दुपारी भाकरी वाढताना विचारायची. आबा अंगणातून पडवीत येत असले की मी आडवी यायची, "पायऱ्या चढताना त्रास होतो का?" तर हे म्हणायचे, "बाजूला हो गो, वाट सोड." सासूबाई, प्रयागबाई, चुलीपाशी बसून तोंडावर पदर धरून हसायच्या.

हळूहळू वाडी गोळा झाली. आमच्या वाडीला लष्कराचं भारी वेड. घरटी एक तरी पोरगा भरतीला पळालेला. मेडिकल म्हटलं की कुणाचं रक्त सळसळणार नाही? धोंडूकाका तर भरतीचे गुरुजीच. पोरांना पहाटे नदीपात्रात पळवतात, छाती फुगवायला शिकवतात. त्यांचे दोन्ही मुलगे फौजेत. ते आले, आबांना नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, काही काळजी करू नका, कुशाबाला मी तयार करतो. मला वाटलं, चला, एक जाणता माणूस मिळाला.

इथेच मी फसले.

पुढचे तीन आठवडे मी ग्रामपंचायत, लसीकरण, बाळंतिणी यांच्या मागे फिरत होते. सकाळी निघायची ती चारला परत. त्या वेळात घरात काय चाललं होतं ते मला एका गुरुवारी लवकर आले तेव्हा कळलं. परसात मोठ्या टोपात निरगुडीचा पाला उकळत होता. आबा बाजल्यावर पाय पसरून बसलेले, सासूबाई गुडघ्याला वाफ देत होत्या आणि धोंडूकाका बाजूला उभे राहून हुकूम सोडत होते. टोपाशेजारी उकडलेली अंडी, नाचणीची पेज आणि तिळाच्या तेलाची वाटी.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तयारी," धोंडूकाका अभिमानानं म्हणाले. "सूज बघ, पार उतरली. आता डाक्टरानं कुटनंबी दाबावा. पास म्हंजे पास."

मी खालीच बसले. सगळ्या वाडीला मेडिकल एकच ठाऊक, ज्यात धडधाकट निघालं की पास. दुसऱ्या तऱ्हेचं मेडिकल कुणी ऐकलंच नव्हतं. आणि सासूबाईंना तरी मी कधी नीट सांगितलं होतं? मी आपली आबांना प्रश्न विचारत बसले. त्यांनी नवऱ्याचा पाय परीक्षेला बसवायचा म्हणून जीव लावून चोळला होता.

मग मी सगळ्यांना बसवून समजावलं की काका, इथे पाय वाईट आहे असं दिसायला हवं, चांगला दिसला तर आपण हरलो. धोंडूकाका म्हणाले, असलं कसलं उलटं मेडिकल, आणि उठून चालू लागले. सासूबाईंनी टोप उतरवला. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. म्हटलं, आई, राहू दे, तुमचं काही चुकलं नाही. पण आता उपाय नव्हता. जायला चार दिवस उरले होते, आणि आबांचा गुडघा कैक वर्षांत इतका छान दिसला नव्हता.

निघायच्या दिवशी अंधार असतानाच जीप आली. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बूट चमकवले होते, दाढी अशी की माशी घसरावी. पोराच्या लग्नातसुद्धा इतके नटले नव्हते. मी म्हटलं, आबा, थोडे आजारी दिसा की. तर म्हणाले, "दाढी वाढवून साहेबासमोर जाऊ व्हय?" वरंध घाटात त्यांनी ड्रायव्हरला गाणी लावायला सांगितली. भोरला भजी खाल्ली. सासूबाई खिडकीशी बसून सारखं पुण्याला मोठं हॉस्पिटल असतं का, डॉक्टर ओरडतात का, असं विचारत होत्या. मी पण उत्साहात होते, कशाला नाकारू? सारखं हसू येत होतं.

हॉस्पिटलात बराच वेळ बाकावर काढला. मग नाव पुकारलं. डॉक्टर मेजर होते, लातूरकडचे, वयानं माझ्या नवऱ्याएवढे. बरोबर एक जण चालेल म्हणाले म्हणून मी आत गेले. सासूबाई दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. दार उघडंच होतं.

"बसा, काका. काय त्रास आहे?"

आबांच्या टाचा जुळल्या. "ठीक है साब."

मी डोळे मिटले.

डॉक्टर हसले. म्हणाले, मराठीत बोला, मी घरचाच. त्यांनी आबांना टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवला, दाबला, फिरवला. आबांच्या तोंडावरची एक शीर हलली नाही. डॉक्टर म्हणाले, सूज तर दिसत नाही. मी तोंड उघडलं, त्यांनी हातानंच मला थांबवलं. त्यांचं बरोबर होतं, तपासणी आबांची होती, माझी नव्हे.

"उकिडवं बसता येतं का, काका?"

पुढचं वाक्य यायच्या आधी आबा खाली बसले. सरळ, झटक्यात, हात पुढे. नदीपात्रात धोंडूकाकांच्या पोरांनी बसावं तसे. माझ्या मनात आलं, गेलं सगळं. एवढी वर्षं, एवढे अर्ज, आणि या माणसानं एका बैठकीत घालवलं.

"छान. आता उठा."

आबा उठले नाहीत.

त्यांनी हात मांड्यांवर टेकले, जोर लावला. पुन्हा लावला. कपाळावर घाम आला. समोरच्या भिंतीवरून त्यांनी नजर काढली नाही. मी पुढे झाले, तर डॉक्टरांनी पुन्हा मला थांबवलं. सत्तरीला टेकलेला माणूस जमिनीवर उकिडवा बसून मुकाट्यानं थरथरत होता आणि मदत मागत नव्हता.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. चपला बाहेर काढून आल्या होत्या. डॉक्टरकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ आबांच्या मागे गेल्या, आपला गुडघा त्यांच्या पाठीला लावला, दोन्ही हात त्यांच्या काखेतून घातले आणि हळूच म्हणाल्या, "हं." आबा उठले. एका दमात, दोघं मिळून. सासूबाईंनी त्यांचा शर्ट खाली ओढून नीट केला आणि बाहेर जायला वळल्या.

मी बघत राहिले. सात वर्षं मी त्या घरात राहते. पहाटे मी उठते तेव्हा आबा पडवीत खुर्चीत बसलेले असतात, चहा घेत. माझी समजूत की हा माणूस जमिनीवरच्या अंथरुणातून आपला आपण उठतो. त्या हातांची सवय बघितली आणि मला कळलं की माझ्या उठण्याआधी त्या बंद खोलीत रोज काय होत असेल. माझे डोळे भरून आले.

"आजी, थांबा," डॉक्टर म्हणाले. "हे असं कधीपासून?"

सासूबाईंनी पदर सावरला आणि आबांकडे बघितलं. सांगू की नको, असं ते बघणं होतं. आबा भिंतीकडे ताठ उभे. मला वाटलं, आता हे म्हणतील, ठीक है साब.

"रोज, साहेब," आबा म्हणाले. "पेन्शनीत आल्यापास्नं. ही उठवते तवा मी उठतो." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "लय दुखतंय, साहेब."

सासूबाई दाराशी होत्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी तरी हे कधी ऐकलं होतं का, कुणास ठाऊक.

डॉक्टर खुर्चीत बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. कुठे पडलात, चौकी कोणती, तेव्हा बरोबर कोण होतं, सगळं विचारलं. आबांनी सगळं सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, निर्णय बोर्डाचा, पण जे पाहिलं ते मी लिहिलं आहे. आबांना बूट घालायला सासूबाई खाली बसल्या तेव्हा आबांनी स्वतः दुसरा बूट पुढे सरकवला.

व्हरांड्यात आलो तर धोंडूकाकांचा फोन. मी आबांच्या हातात दिला. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण आबांचा आवाज व्हरांडाभर गेला. "लंगडा ठरलो रे एकदाचा!" बाकावरचे दोन जवान वळून बघू लागले. आबा हसत होते आणि डोळे पुसत होते.

मग जिन्याकडे निघालो. आमच्याकडे बाईमाणूस नवऱ्याच्या चार पावलं मागून चालतं, सासूबाई तशाच मागे राहिल्या. आबा थांबले. त्या जवळ येईपर्यंत थांबले आणि भर व्हरांड्यात त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"आवो, लोकं बघतात," सासूबाई पुटपुटल्या.

"बघू दे."

हात तसाच होता. दोघं एकेक पायरी उतरू लागले आणि मी पिशवी घेऊन त्यांच्या मागून चालले.