जोड कुणाचा

वहिनींनी फॉर्मवरची एक छापील ओळ खोडली आणि फॉर्म केंद्रप्रमुखांपुढे सरकवला.

‘सदर उमेदवाराने या केंद्रात सहाशे तासांचे प्रशिक्षण पूर्ण केले आहे.’ खोडलेल्या ओळीच्या वर त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : सासऱ्यांकडे. कारखान्यामागच्या शेडमध्ये.

“अहो वहिनी, ही नुसती औपचारिकता आहे. सगळेच सही करतात.”

“मी इथे दोनदा आले. एकदा फॉर्म भरायला, एकदा परीक्षेला.”

परीक्षेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. सगळीकडे एकच परीक्षा, एकच प्रमाणपत्र होणार हे कळल्यावर कारखान्यातून पहिलं नाव त्यांनीच दिलं होतं. वाफेच्या पाइपांवर त्या एकवीस वर्षं वेल्डिंग करत होत्या, तरी कारखाना बदलला की पुन्हा पहिल्यापासून हात दाखवावा लागे. बाई म्हणून जरा जास्तच. आता पुढच्या महिन्यापासून प्रमाणपत्राशिवाय त्या पाइपांना हात लावता येणार नव्हता. उरली असती फाटकं आणि कठडे.

परीक्षेत त्यांनी सर्वांत अवघड प्रकार मागून घेतला होता. तिरका बसवलेला पाइप. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती वाकायचं, मान मोडेपर्यंत वर बघायचं. एक्स-रेमध्ये जोड स्वच्छ निघाला.

“केंद्राला आकडे दाखवावे लागतात,” केंद्रप्रमुखांनी आवाज खाली आणला. “तुम्ही आमच्याकडे तयार झालात म्हटलं की चार मुली येतील. सही केलीत तर आजच प्रमाणपत्र. नाहीतर माझा नाइलाज आहे.”

वहिनींनी पेनाला टोपण लावलं. पहिलं वर्षभर सासरे त्यांचा प्रत्येक जोड छिन्नीने फोडून दाखवत आणि न बोलता पुन्हा करायला देत. सुनेच्या हाताला चटके बसले म्हणून सासूबाई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या.

“नाइलाज तर नाइलाज,” असं म्हणत त्यांनी टेबलावरचा परीक्षेचा पाइप उचलून पिशवीत टाकला.

“तो केंद्राचा आहे. वर्गात नमुना म्हणून ठेवायचाय.”

“पाइप तुमचा. जोड माझा. वेगळे करता आले तर पाइप ठेवून घ्या.”

खिडकीपाशी कागद आवरत बसलेल्या, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई उठल्या. त्यांनी खोडलेला फॉर्म वाचला.

“अनुभवावर थेट परीक्षा देणाऱ्यांचा फॉर्म वेगळा आहे,” त्या केंद्रप्रमुखांना म्हणाल्या. “नियमावलीतच आहे. तुम्ही मागवला नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही.”

बाईंनी आपल्या फाइलमधून एक कोरा फॉर्म काढला. वहिनींनी तो उभ्यानेच, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

“तुमच्या सासऱ्यांकडे आणखी कुणी शिकलं का?” बाईंनी विचारलं.

“अकरा जण. नवरा धरून. त्याला काही जमलं नाही.”

“त्यांतल्या कुणी इथे परीक्षा दिली?”

गेल्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यांतले चौघे इथूनच पास झाले होते. म्हणजे चौघांनीही मुकाट्याने त्याच ओळीखाली सही केली होती, आणि पेढे वाटताना एकानेही ते सांगितलं नव्हतं.

“चौघांनी दिलीय. झालेली सही बदलता येते?” वहिनींनी विचारलं.

“त्यांनी मागितलं तर.”

वहिनींनी केंद्रप्रमुखांसमोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

“मग एक नको,” त्या म्हणाल्या. “पाच द्या.”