मावशीच्या मनगटातली खोबण

मित्रांनो, उंची बोटाएवढी, अंगावर चार धारा आणि स्वभाव थोडा खवचट, असा मी एक जुना मिलिंग कटर आहे. यंत्रात गरगर फिरायचं आणि धातूत खोबण कोरायची, हा माझा धंदा. मामांच्या वर्कशॉपमध्ये मी पुष्कळ राबलो, शाबासकीही मिळवली. पुढे नवे चकचकीत कटर आले आणि माझी रवानगी खणात, गंजक्या स्क्रूंच्या संगतीला झाली. धारांच्या काळजीने माझा जीव टांगणीला लागलेला असे.

मामांची धाकटी बहीण शिवणकाम करायची. अपघातात तिचा उजवा हात गेला. त्यांची भाची या मावशीसाठी कृत्रिम हात करायला बसली. एका नळीवरच्या वळणदार खोबणीत गोल पिन सरकली, की मनगट वळणार होतं. भाचीने कॉम्प्युटरवर पिनेच्या रुंदीचा सपाट चौकोन काढला, तो वळणाच्या रेषेवरून फिरवला आणि खोबण तयार केली. पण पडद्यावर पिन वळणाशी खोबणीच्या भिंतीत घुसायला लागली. मग तिने खोबणच रुंद केली आणि मामांनी जाड कटरने ती तशी कोरली. झालं! मनगट खुळखुळ्यासारखं हलायला लागलं. मावशीने सुई धरली, तर टाका भलतीकडेच पडला.

"राहू दे गं आता," मावशी म्हणाली. "शिवणं सोडते मी."

मला फार वाईट वाटलं.

भाची मात्र चिवट. तिने पिनेच्या मापाचा कटर शोधायला खण उपसला, मला काढलं, नळीवर उभं धरलं आणि वळणावरून हळूहळू सरकवलं.

"मामा, मी कागदासारखा पातळ चौकोन फिरवत होते, म्हणून वळणावर खोबण अरुंद होत होती. खोबणीतून तर हा अख्खा गोल गडी फिरतो."

"मग त्यालाच फिरव की," मामा म्हणाले.

तिने माझी मापं घेतली, पडद्यावर मला भरीव उभं केलं आणि रेषेवरून फिरवलं. मी जिथून गेलो, तेवढाच धातू वजा झाला. आता पिन कुठेच अडेना, डुगडुगेना. काय डोकं आहे पोरीचं! मला राबवणारे पुष्कळ भेटले, समजून घेणारी हीच. मामांनी माझ्या धारा तपासल्या आणि नवी नळी माझ्याकडूनच कोरून घेतली.

मावशीने त्या हाताने पहिली वस्तू शिवली, ती माझ्यासाठी जाड कापडाची पिशवी. तेव्हा मित्रांनो, हत्यारं खणात कोंबू नका. पुसून, जपून ठेवा. कुणाचं काम त्यांच्यावाचून अडेल, सांगता येत नाही.

पिशवीचे टाके वाकडेतिकडे आहेत. मामा म्हणाले, "उसवून पुन्हा घाल की."

"असू दे, दादा," मावशी म्हणाली. "माझ्या उजव्या हाताचे आहेत ते."