हरिबाची मिशी आणि ओढ्यावरचा पाइप

तेलगाव रोडच्या दोन्ही अंगांची गावं हरिबाला त्याच्या मिशीवरून ओळखायची. मिशीच्या एका टोकावर लिंबू टिकायचं. दुसऱ्या टोकावरही टिकलं असतं, पण तिथं हरिबा विडी अडकवायचा. तीस वर्षं त्यानं विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइनी टाकल्या, ओढे ओलांडले, टेकड्या चढवल्या. एका बरडावर तर त्याचं पाणी म्हणे इतक्या जोरात पोचलं, की ऊस लावायच्या आधीच उगवला.

त्यामुळं सप्टेंबरच्या पुरात गोगलवाडीच्या भुयारी गटाराचा ओढ्यावरचा पाइप मोडला, तेव्हा बोलावणं हरिबालाच गेलं. पूर साधासुधा नव्हता. वरच्या अंगानं एक अख्खी बाभळ मुळासकट आली, आणि तिच्यावर एक शेळी रवंथ करत बसलेली. बाभळीनं पाइपाचे चार तुकडे केले. शेळी पलीकडच्या काठाला उतरून कुणाचीतरी मेथी खायला लागली. गावाचा मैला थेट ओढ्यात पडू लागला. खालच्या गावानं निषेध म्हणून त्यातली एक बाटली भरून सरपंचाला परत पाठवली.

"हरिबा, पुढच्या पुरात टिकला पायजे," सरपंच विजयसिंह भर ग्रामसभेत म्हणाले.

"पुराचा बाप आला तरी त्याचा हात पोचायचा न्हाई. अन् माझा पाइप फसला, तर ही मिशी पारावर बसून उतरवीन."

झालं. त्या दिवसापासून गाव पाइपाकडं कमी आणि मिशीकडं जास्त बघायला लागलं.

हरिबानं ओढ्यातले खांब जुन्यापेक्षा पाच फूट उंच बांधले. पाइप अलीकडच्या काठावरून वर चढला, ओढ्यावरून गेला आणि पलीकडं उतरला. क्लॅम्प बसवणाऱ्या चाँदनं, म्हणजे त्याच्या वेल्डर दोस्तानं, मान वाकडी करून बघितलं.

"हरिबा बे, ह्याला उंटासारखी मदार आलीय."

"मग? शेतात चढवतो तसंच चढवलंय."

टेस्टिंगही शेतासारखंच झालं. शेजारच्या विहिरीवरची दहा एचपीची मोटार जोडली, बटण दाबलं आणि पलीकडं हत्तीच्या सोंडेएवढी धार पडली. हरिबानं पाइपाखाली पेपर धरून बाराही जोड फिरून दाखवले. पेपर कोरडा. सरपंचांनी शाल दिली, हरिबानं मिशीला पीळ दिला, आणि चाँद मोटार खोलून घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी केशरबाईनं दारातून हाक मारली. तिचं घर ओढ्याच्या कडेला, गावात सगळ्यात खाली. गेल्या दिवाळीत तिचा गुडघा बदलला होता, म्हणून लेकानं कमोड बसवून दिला होता.

"हरिबा, लेका, मी सोडलं ते परत आलं. अन् एकटं न्हाई आलं, सगळ्या गावाला घिऊन आलं."

हरिबा ओढ्यावर गेला आणि पाइपाच्या त्या चढाकडं बघत उभा राहिला. त्याच्या मुलखात पाणी आपण होऊन कुठं गेलेलं कुणी बघितलं नव्हतं. ते मोटारीनं ढकलावं लागतं, टँकरनं आणावं लागतं, नाहीतर डोक्यावर वाहावं लागतं. गटार बिचारं नुसत्या उतारावर चालतं, हे तीस वर्षांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"चुकलं म्हण," चाँद म्हणाला. "खांब कापू, पाइप खाली घिऊ."

"अन् मिशी?"

चाँद मोटार आणायला गेला.

मिशीसाठी मग गटाराला मोटार बसली. आता मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, त्यामुळं गोगलवाडीची पोटंही त्याच पाळीनं चालू लागली. लाईट आली की भोंग्यावर पुकारा व्हायचा, "बसून घ्या." पाहुणे चहाच्या आधी लाईटीची वेळ विचारायचे. एक जावई दिवाळसणाला आला आणि सोन्याची अंगठी न घेता दुसऱ्या दिवशी परत गेला.

"अवो, तुमची मिशी तीस वर्षं मी घरात सोसली," हरिबाची बायको मुक्ताबाई म्हणाली. "आता गावाला काहून ताप?"

"पाइप चालू हाय न्हवं?"

"पाइप न्हाई, मोटार चालू हाय."

मग डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. नवा आठ दिवसांनी येणार होता. पाइप तुडुंब भरून उभा राहिला, आणि गाव जुन्या सवयीनं टमरेल घेऊन तुरीत शिरलं. केशरबाईचा गुडघा मात्र तुरीत बसायला वाकत नव्हता.

हरिबा तिच्या घरी गेला, तर म्हातारी बाजेवर पडलेली. उशाला भाकरी झाकून ठेवलेली, कालचीसुद्धा.

"मावशी, खाल्लं काहून न्हाई?"

"खाऊन ठिवू कुठं?" ती म्हणाली. "तुझ्या मिशीला पीळ ऱ्हावा म्हणून माझ्या पोटाला पीळ पडलाय, लेका."

हरिबा तिथून उठला, तो करवत घेऊन थेट ओढ्यात उतरला.

"आधी वरचे चेंबर उपसून घिऊ," काठावरून चाँद म्हणाला. "पाइप भरलेला हाय."

"म्हातारी दोन दिसाची उपाशी हाय," म्हणत हरिबानं चढाच्या बुडाशी करवत लावली.

पुढं काय झालं ते गावात तीन तऱ्हेनं सांगतात. त्यातल्या त्यात सभ्य हकिगत अशी, की धार काठावरच्या चिंचेच्या शेंड्याला लागली आणि गावातले कावळे आठ दिवस धर्मापुरीला जाऊन राहिले. हरिबा बरोबर धारेखाली होता. त्यानं तोंड मिटलं, डोळे मिटले आणि कापणं चालू ठेवलं.

"मी बोललतो," चाँद म्हणाला, आणि घण घेऊन खाली उतरला.

संध्याकाळपर्यंत खांब फुटून खाली आले. पाइप पलीकडच्या काठाला वीतभर उतार देऊन बसला. मोटार नव्हतीच. मुक्ताबाईनं बादलीत कुंकू कालवून केशरबाईच्या कमोडात ओतलं. बऱ्याच वेळानं पलीकडून चाँद ओरडला, "लाल आलं." केशरबाईनं भाकरी मोडली.

"पुढच्या पुरात जाईल की हा," सरपंच म्हणाले.

"जाईल. मग परत बसवीन."

मिशीचं कुणी नाव काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. हरिबा येण्याआधी ती यायची. अंगाचा वास तीन साबणांनी सुटला, पण मिशीनं साबण, चिंच, राख, रॉकेल, कशालाच दाद दिली नाही. मुक्ताबाईनं त्याचं ताट अंगणात वाढलं.

चौथ्या दिवशी हरिबा पारावर जाऊन बसला आणि त्यानं सोमनाथ न्हाव्याला बोलावलं. सोमनाथ नाकाला उपरणं बांधूनच आला. गाव वाऱ्याची दिशा बघून उभं राहिलं.

"हरिबानाना, गावाला काय सांगू?" सोमनाथनं उपरण्यातून विचारलं. "वास मारती म्हणून काढली, का पाइप फसला म्हणून?"

"वासासाठी असती तर घरी काढली असती," हरिबा म्हणाला, आणि त्यानं हनुवटी वर केली.