सितारामदादांचा तळवा

"ही पन थरथरते हाय. एवढी तार भरली, एवढं वॉर्निश पाजलं, आनि परत आपलं तेच. लोकांचं ध्यानच नाय ऱ्हायलं कामात."

सितारामदादा मोटरशी बोलत असल्यासारखे पुटपुटले. पण ऐकायचं कुणी, हे ठरलेलं होतं. हातभर अंतरावर राजश्री कॉइल गुंडाळत बसली होती. ती मोटर तिनंच भरली होती.

जळालेल्या मोटरी नव्यानं तार भरून देणाऱ्या रबाळ्याच्या त्या शेडमधून बत्तीस वर्षांत एकही मोटर दादांनी तळवा ठेवून पाहिल्याशिवाय बाहेर गेली नव्हती. डोळे मिटायचे, हाताला काय लागतं ते बघायचं, मग खडूनं 'ओके' लिहायचं. गेले चार महिने मात्र त्यांच्या पसंतीची मोटर सापडेना. नापास झालेली मोटर शेडचा मालक इंद्रजित मागच्या पत्र्याआड दोन दिवस दडवायचा आणि दादांच्या नकळत हिरवा रंग मारून गिऱ्हाइकाला धाडायचा. कंपन मोजायचा मीटर आणला होता, तो दादांना दिसू नये म्हणून राजश्रीच्या डब्याच्या पिशवीत राहायचा. मीटरला सगळ्या मोटरी ठीक वाटायच्या. गिऱ्हाइकं खूश. राजश्रीला मात्र डबा काढताना रोज चोरी केल्यासारखं वाटायचं.

आज दडवायची सोय नव्हती. ही मोटर खारघरच्या एका सोसायटीच्या पंपाची होती, तिथं तीन दिवस टाकीत पाणी चढलं नव्हतं, आणि हौसेराव ती न्यायला टेम्पो दारात लावून हॉर्न वाजवत होता.

"तू सांग ना त्यांना," इंद्रजित तिच्या कानाशी आला. "तुझं ऐकतात."

"शेठ तुमी की मी?"

"अगं, पाना धरायला त्यांनी शिकवलंय मला."

"मग मला कोणी शिकवलं?"

"काय कुजबुज चाललीये?" दादा ओरडले. "खोल ही परत. सगळी तार काढ."

दोन दिवसांची मेहनत. राजश्री उठली ती तरातरा चालू मोटरच्या स्विचपाशीच गेली.

"काढते. पण आधी दोष कुठला ते तरी सांगा. मी सप्लाय तोडते, तुमी हात ठेवा."

"ठेवला. वीज तोडल्याबरोबर थरथर गेली तर दोष विजेचा, म्हंजे तुझा. चुंबकाची ओढ चारी अंगानं सारखी पायजे बाय, एकीकडनं जास्त ओढलं की मोटर अंग झाडते. आनि फिरनं मंदावेल तशी हळूहळू गेली, तर बेअरिंगचा."

तिनं स्विच पाडला. गुणगुण तुटली. मोटरच्या मागचा पंखा गरगरत राहिला, मंदावला, त्याची पाती एकेक मोजता येऊ लागली. मग तोही थांबला.

"कशी गेली, दादा?"

दादांचे डोळे मिटलेलेच. बाहेर हौसेरावनं पुन्हा हॉर्न दिला. इंद्रजित बंद मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता.

"नाय गेली," दादा हळूच म्हणाले.

'बेअरिंगच असेल मग' ही थाप राजश्रीच्या ओठांवर तयार होती. इंद्रजितनं मान हलवून तेच सुचवलंही. ती पुढं झाली आणि दादांच्या तळव्याशेजारी तिनं आपला तळवा टेकवला. लोखंड कोमट होतं आणि निपचित पडलं होतं.

"मोटर थांबलीय, दादा," ती म्हणाली. "तुमचा हात थरथरतोय."