हलका गिअर

"आई, चढ समोर दिसला की तेव्हाच हलका गिअर टाकायचा, चढावर अडकल्यावर नाही. आणि टाकताना पायातला जोर थोडा सोडायचा."

लेक गौरीने तिच्या लग्नाआधी अंगणात शिकवलेलं हे गोदावरीबाईंना पाठ होतं. तरी खिंडीच्या अर्ध्या चढावर चेन कडाडली आणि उतरली. गौरीचीच सायकल ती. त्यांनी सायकल वळवली आणि हाताने ढकलत घरी आणली.

यज्ञेश्वरपंत झोपाळ्यावर होते. मुख्याध्यापकी सुटून वर्षं झाली, पण नजर तीच.

"हातांना काय लागलंय?"

"ग्रीस. चेन पडली."

"लग्नानंतर एकदा सांगितलं होतं, मास्तरांच्या बायकोने पाय गरागरा फिरवत बाजारातून जाणं हलकं दिसतं. आता या वयात पुन्हा सांगायचं?"

तेव्हा त्याच आठवड्यात पंतांनी बायकोची सायकल वाडीतल्या गड्याला देऊन टाकली होती. गोदावरीबाईंनी "बरं" म्हटलं होतं. आजही तेच म्हणून मोरीत जाऊन त्यांनी रिठ्याने हात धुतले.

खिंडीपलीकडे गौरीचं सासर. मिठागरावरचं आगरी घर. विपुलशी लग्न केल्यापासून तिचं नाव या घरात निघत नव्हतं. आठवड्यापूर्वी विहीणबाईंचा, कमळचा, फोन आला तेव्हा गोदावरीबाई तुळशीपाशी होत्या.

"तुजे पोरीला पोरगी झाली गो बाय. पुढल्या गुरुवारी पालन्यान घालाची हाय. तू येशील ना? गौरी काय बोलत न्हाय, पन सारकी दाराकडं बगते."

"येईन," त्या म्हणाल्या. हळदकुंकवाचं बोट फोनला लागलं. तुळशीपुढे दिलेला शब्द होता तो.

सायकल काढण्याआधी त्या नाक्यावर चांगदेवची रिक्षा ठरवायला गेल्या होत्या, तर तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, रागवू नका. मास्तर स्टँडवर येऊन सांगून गेलेत, आमच्या घरची सवारी खिंडीपलीकडं न्यायची न्हाय. आमी समदे त्यांच्या हाताखाली शिकलेलो. कसं मोडनार?"

एसटी खिंडीच्या वाटेने जातच नव्हती. उरली पडवीतली सायकल.

चेन पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बसवून रामाच्या देवळात दिवा लावायला त्या सायकलीवरूनच निघाल्या. सपाट रस्त्यावरही गुडघे भरून आले. का, ते पारावरून वळताना एकदम लक्षात आलं. त्या नेहमी जड गिअरवरच चालवत होत्या. जड गिअरवर पाय सावकाश फिरतात, अंगावरचं पातळ जागचं हलत नाही, बाई घरंदाज दिसते. एवढ्या वर्षांत कुणी बघत नसतानाही त्या तशाच राहिल्या होत्या, आणि किंमत गुडघे देत होते.

त्यांनी गिअरचा खटका दाबला. पाय भराभर फिरू लागले, लाज वाटेल इतके. पण श्वास लागेना.

पाववाली सोनल टोपली खाली ठेवून हसली. "काकू, मागं कोन लागलाय काय?"

"लागू दे गो. गाठू दे आधी."

त्यांनी सीटही वर करून घेतली. गौरी म्हणायची, टाच खाली नेली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. रोज देवदर्शनाच्या नावाने त्या खिंडीच्या पायथ्याशी जात. चढ दिसताच पाय सैल सोडत, खटका दाबत, थोडं चढून परत येत. देवाला खोटं सांगितलं नव्हतं. दर्शन आधी घेतलेलं असे.

गुरुवारी दत्ताचा उपास. दिवा लावला, पोथीचा अध्याय वाचला, स्वयंपाक केला. गौरीने मागे टाकलेला पंजाबी ड्रेस घातला. तो सैल नव्हता, पण बसला. बाळाची कुंची आजोळहून जायची असते. रात्री शिवून ठेवलेली कुंची पिशवीत घातली आणि पिशवी हँडलला अडकवली.

झोपाळा थांबला.

"कुठे?"

"बारशाला."

यज्ञेश्वरपंतांनी तो ड्रेस वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाले, "माझ्या जेवणाचं?"

"झाकून ठेवलंय. आमटी तेवढी गरम करून घ्या."

"आलीस की मागच्या दाराने ये. आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

गोदावरीबाई "बरं" म्हणाल्या, नेहमी म्हणत तसंच. सायकल बाहेर काढली, वाडीत गुरं शिरू नयेत म्हणून फाटकाची कडी हाताने ओढून बघितली, आणि निघाल्या.